वाचकांचे प्रश्न : सिरीयल पोर्टवर कचरा का येतो?

या वेळी सिरीयल पोर्टबद्दलच्या (एका तारेवरून बिटामागून बिट पाठवणाऱ्या जोडणीबद्दलच्या) तक्रारी इतक्या आल्या की पूर्ण सदर त्यांनाच द्यायचे ठरवले. बहुतेकांनी प्रोग्रॅम जोडला आहे. पण क्रिस्टल (चिपला ठोका देणारा भाग) कोणता, पुरवठा किती व्होल्टचा आणि कोणत्या पिनला काय जोडले, हे फार थोड्यांनी लिहिले आहे. दोष बहुधा तिथेच दडलेला असतो, म्हणून पुढच्या पत्रात ही माहिती अवश्य द्या.

प्रश्न : एटी८९एस५२ (८०५१ कुळातला मायक्रोकंट्रोलर) वर १२ मेगाहर्ट्झचा क्रिस्टल आहे. पुस्तकाप्रमाणे टाइमर आणि सिरीयल पोर्टच्या रजिस्टरांपैकी टीमॉडमध्ये २० हेक्स (सोळाच्या पायातला आकडा), टीएच१ मध्ये एफडी हेक्स आणि एसकॉनमध्ये ५० हेक्स भरले. संगणकावर ९६०० बॉडला (सेकंदाला ९६०० बिटांच्या वेगाने) साधी अक्षरे पाठवली तरी चित्रविचित्र खुणा उमटतात. चिप खराब आहे का? (डिप्लोमा विद्यार्थिनी, सांगली)

उत्तर : चिप चांगली आहे आणि प्रोग्रॅमही. पुस्तकातला एफडी हा आकडा ११.०५९२ मेगाहर्ट्झच्या क्रिस्टलसाठी आहे. ८०५१ मध्ये क्रिस्टलच्या वारंवारतेला आधी १२ ने, मग ३२ ने भागले जाते आणि शेवटी टाइमर १ जितके मोजतो, म्हणजे २५६ वजा टीएच१, तितक्याने. १,१०,५९,२०० ला १२ ने भागले की ९,२१,६००, त्याला ३२ ने भागले की २८,८००. एफडी म्हणजे २५३, म्हणजे टाइमर ३ मोजतो. २८,८०० भागिले ३ बरोबर ९६००. हेच गणित तुमच्या १२ मेगाहर्ट्झला केले तर ३१,२५० भागिले ३, म्हणजे १०,४१७ बॉड. साडेआठ टक्के जास्त. टीएच१ मध्ये एफसी भरून पाहिले तर ७८१२ येतात, म्हणजे आणखी बिघाड.

किती फरक चालतो तेही समजून घ्या. घेणारी बाजू स्टार्ट बिटच्या उतरत्या कडेला मोजायला सुरुवात करते आणि प्रत्येक बिट मधोमध वाचते. स्टॉप बिटचा मध्य साडेनऊ बिटांनंतर येतो. तिथे पोचेपर्यंत अर्ध्या बिटाहून जास्त सरकले की शेजारचा बिट वाचला जातो. अर्धा भागिले साडेनऊ म्हणजे साधारण ५ टक्के, आणि ही मर्यादा दोन्ही बाजूंची मिळून आहे. म्हणून आपल्या बाजूने २ टक्क्यांच्या आत राहावे.

तुमच्यापुढे तीन वाटा आहेत. क्रिस्टल बदला, ही सगळ्यांत सरळ. लॅमिंग्टन रोडला किंवा तपकीर गल्लीत मागताना '११.०५९२' असा पूर्ण आकडा सांगा. क्रिस्टल तोच ठेवायचा तर वेग कमी करा : टीएच१ मध्ये एफ३ भरले की २४०४ बॉड मिळतात, पीकॉनमधला वेग दुप्पट करणारा एसमॉड बिट १ केला की ४८०८. दोन्हींत चूक फक्त ०.१६ टक्के आहे. तिसरी वाट पुस्तकांत क्वचित दिसते, पण तुमच्यासाठी तीच उत्तम. एस५२ मध्ये टाइमर २ आहे आणि बॉड रेटसाठी वापरताना त्याला १२ चा भागाकार लागत नाही. क्रिस्टल भागिले ३२, भागिले (६५५३६ वजा आरकॅप२) एवढेच सूत्र. आरकॅप२एच मध्ये एफएफ, आरकॅप२एल मध्ये डी९ आणि टी२कॉनमध्ये ३४ हेक्स भरा. टाइमर ३९ मोजेल आणि १२ मेगाहर्ट्झवरच ९६१५ बॉड मिळतील. एटी८९एस५१ मध्ये टाइमर २ नाही, तिथे हे चालणार नाही.

आणखी एक. टीमॉडमध्ये थेट २० भरल्याने टाइमर ० ची मांडणी पुसली जाते. पुढे टाइमर ० वापरणार असाल तर वरचे चार बिटच बदला. आणि अक्षर पाठवून झाल्याचे सांगणारा टीआय हा झेंडा हार्डवेअर स्वतः खाली करत नाही. तो १ होईपर्यंत थांबून तुम्हीच ० करायचा, मग पुढचे अक्षर.

प्रश्न : एटीमेगा३२८पी वरचा प्रोग्रॅम आर्डुइनो ऊनो बोर्डावर उत्तम चालतो. नवी कोरी चिप आणून ब्रेडबोर्डवर १६ मेगाहर्ट्झच्या क्रिस्टलसह लावली आणि तोच प्रोग्रॅम प्रोग्रॅमरने भरला. यूबीआरआर (बॉड रेट ठरवणारे रजिस्टर) १०३ आहे. संगणकावर अक्षरे दिसतच नाहीत, हेक्समध्ये पाहिले तर बहुतेक ०० येतात. (हौशी वाचक, नाशिक)

उत्तर : ०० येतात हे लिहिलेत ते फार बरे केले. कोरी चिप कारखान्यातून येते तेव्हा ती बाहेरच्या क्रिस्टलकडे पाहतच नाही. आतला ८ मेगाहर्ट्झचा आरसी ऑसिलेटर चालू असतो आणि ८ ने भागणारा फ्यूजही (चिपची मूळ मांडणी ठरवणारा बिट) लावलेला असतो, म्हणजे चिप १ मेगाहर्ट्झवर धावते. यूबीआरआर १०३ असेल तर बॉड रेट १०,००,००० भागिले १६, भागिले १०४, म्हणजे ६०१. या वेगाला एक बिट १.६६ मिलिसेकंद टिकतो, तर ९६०० चे दहा बिटांचे पूर्ण अक्षर १.०४ मिलिसेकंदांत संपते. तुमचा एकटा स्टार्ट बिटच संगणकाला पूर्ण अक्षराएवढा लांब वाटतो आणि तो शून्य वाचतो.

खात्री करायची असेल तर ५५ हेक्स सतत, मध्ये न थांबता पाठवा. त्यात स्टार्ट आणि स्टॉप धरून एकाआड एक ० आणि १ येतात, म्हणून टीएक्स पिनवर स्वच्छ चौकोनी लहर मिळते आणि तिची वारंवारता बॉड रेटच्या बरोबर निम्मी असते. ९६०० ला ४८०० हर्ट्झ. हर्ट्झ मोजणारा साधा मल्टिमीटर पुरतो. तुमच्याकडे ३०० दिसतील. दोन अक्षरांमध्ये डिले ठेवलात तर आकडा खोटा येईल, तेवढे सांभाळा.

उपाय फ्यूजचा. लो फ्यूज ६२ हेक्स असेल, तो एफएफ करा. त्याआधी पिन ९ आणि १० वर क्रिस्टल आणि दोन्हींकडून ग्राउंडला २२ पिकोफॅरड नीट लागले आहेत हे पाहा. क्रिस्टल चालत नसताना एफएफ लिहिले तर चिप प्रोग्रॅमरलाही ओळख देत नाही. मग पिन ९ ला बाहेरून क्लॉक देऊनच ती परत मिळते. क्रिस्टल नकोच असेल तर लो फ्यूज ई२ करून ८ मेगाहर्ट्झवर या आणि यूबीआरआर ५१ ठेवा. पण आतल्या ऑसिलेटरची कारखान्यातली जुळणी डेटाशीटप्रमाणे ±१० टक्क्यांची आहे. टेबलावर चालले म्हणून दुसऱ्या चिपवर, दुसऱ्या हवामानात चालेलच असे नाही. दुसऱ्याला द्यायच्या वस्तूत सिरीयल पोर्ट असेल तर क्रिस्टल लावाच.

प्रश्न : ३२८पी चा प्रोग्रॅम नावे बदलून एटीमेगा३२ वर घेतला (८ मेगाहर्ट्झ, यूबीआरआर ५१). आधी बॉड रेट आणि मग यूसीएसआरसी (किती बिट आणि पॅरिटी, म्हणजे तपासणीचा जादा बिट, हे ठरवणारे रजिस्टर) लिहिले तर बंद, क्रम उलटा केला तर चालू. असे का?

उत्तर : एटीमेगा८, १६ आणि ३२ मध्ये यूसीएसआरसी आणि यूबीआरआरएच (यूबीआरआरचा वरचा बाइट) यांचा पत्ता एकच आहे. लिहिताना सातवा बिट, यूआरसेल, १ असेल तर मजकूर यूसीएसआरसीत जातो, ० असेल तर यूबीआरआरएचमध्ये. तुम्ही लिहिलेले ०६ यूबीआरआरएचमध्ये गेले, यूबीआरआर ५१ ऐवजी १५८७ झाला आणि वेग ३१५ बॉडवर आला. क्रम उलटा केल्यावर यूबीआरआरएचमध्ये नंतर ० बसतो आणि यूसीएसआरसी मुळातच ८ बिट, विनापॅरिटी असल्याने सगळे ठीक दिसते. ते चालणे योगायोगाचे आहे. उद्या पॅरिटी लावायला गेलात तर लागणार नाही. ०६ ऐवजी ८६ हेक्स लिहा, मग क्रम कोणताही ठेवा.

प्रश्न : एसटीएम३२एफ१०३ च्या यूएसएआरटी२ ला (दुसऱ्या सिरीयल पोर्टला) मॅक्स४८५ (आरएस-४८५ लाइनची चिप) जोडून थ्री-फेज एनर्जी मीटर वाचायचा आहे. मीटर ९६०० बॉड, इव्हन पॅरिटीवर आहे. संगणकावरून विचारले तर मीटर उत्तर देतो, बोर्डावरून नाही. विनंती ०१ ०३ ०० ०० ०० ०२ सी४ ०बी अशी आहे. लाइनवर दुसरा कन्व्हर्टर ८ बिट, विनापॅरिटी लावून पाहिले तर ८१ ०३ ०० ०० ०० ८२ ४४ दिसते. आठवा बाइट कधी येत नाही, कधी एफएफ येतो. (मेंटेनन्स विभाग, भोसरी एमआयडीसी)

उत्तर : लाइनवर काय गेले ते तुम्ही जसेच्या तसे लिहिले, त्यामुळे निदान पत्रातच झाले. दोष दोन आहेत आणि दोन्ही वेगवेगळे.

पहिला पॅरिटीचा. एसटीएम३२ मध्ये वर्ड लेंथ पॅरिटी बिट धरून मोजतात. तुम्ही ८ बिट आणि इव्हन पॅरिटी निवडली असणार. त्याचा अर्थ चिपच्या लेखी ७ बिट डेटा आणि आठव्या जागी पॅरिटी. ०१ मध्ये १ चा बिट एकच, म्हणून पॅरिटी १ आणि बाइट ८१ दिसतो. ०३ मध्ये दोन, म्हणून तो तसाच राहतो. ०२ चा ८२ होतो. सी४ चा वरचा बिट गळून ४४ उरतो. वर्ड लेंथ ९ बिट करा, पॅरिटी इव्हनच ठेवा. रजिस्टर थेट लिहीत असाल तर सीआर१ मध्ये एम आणि पीसीई हे दोन्ही बिट १ हवेत.

दुसरा दिशेच्या पिनचा. मॅक्स४८५ चे डीई (पाठवणे चालू करणारा पिन) तुम्ही टीएक्सई झेंडा पाहून खाली ओढता. टीएक्सईचा अर्थ 'पुढचा बाइट घ्यायला जागा झाली' एवढाच. त्या क्षणी शेवटचा बाइट शिफ्ट रजिस्टरमधून नुकता निघू लागलेला असतो. त्याला पूर्ण जायला ११ बिट, म्हणजे १.१५ मिलिसेकंद लागतात. तेवढ्यात डीई खाली गेला तर सीआरसीचा (विनंतीच्या शेवटी येणाऱ्या तपासणीच्या आकड्याचा) दुसरा बाइट लाइनवर पोचतच नाही आणि मीटर ती विनंती टाकून देतो. टीसी (सगळे पाठवून झाले) झेंड्याची वाट पाहा, मगच डीई खाली करा. उलट टोकाला जाऊन 'सुरक्षित' म्हणून १० मिलिसेकंदांचा डिलेही टाकू नका. मॉडबसमध्ये, म्हणजे मीटरशी बोलण्याच्या या पद्धतीत, साडेतीन अक्षरांची शांतता, तुमच्या वेगाला ४ मिलिसेकंद, झाली की मीटर बोलायला मोकळा असतो आणि त्याच्या उत्तराचा आरंभ तुमच्या डीईखाली दबेल.

डीई आणि आरई (घेणे चालू करणारा पिन) एकत्र जोडले असतील तर पाठवताना आरओ (घेतलेले बिट देणारा) पिन तरंगता राहतो आणि आरएक्सवर खोटे बाइट येतात. आरओला १० किलोओहमचा पुल-अप द्या.

पुरवठ्याकडेही पाहा. मॅक्स४८५ पाच व्होल्टवर चालतो, त्याचा आरओही जवळपास पाच व्होल्ट देतो, आणि एफ१०३ चा पीए३ (यूएसएआरटी२ चा आरएक्स) पाच व्होल्ट सहन करणारा पिन नाही. पीए९, पीए१०, पीबी१०, पीबी११ सहन करतात, पीए० ते पीए७ नाही. आज चालते आहे म्हणून ठेवू नका. ३.३ व्होल्टचा मॅक्स३४८५ किंवा एसपी३४८५ लावा, पिना त्याच आहेत.

शॉपफ्लोअरवर नेल्यावर १२० ओहम फक्त केबलच्या दोन टोकांना लावा, मधल्या मीटरांना नाही. लाइन शांत असताना ए आणि बी ठरलेल्या पातळीवर राहावेत म्हणून एकाच ठिकाणी ए कडून पुरवठ्याला आणि बी कडून ग्राउंडला ५६० ओहमचे रोध द्या. ए-बीच्या खुणा प्रत्येक उत्पादक सारख्या देत नाही. एवढे करूनही उत्तर आले नाही तर दोन तारा उलटून पाहा, त्याने काही जळत नाही.

यूएसएआरटी१ चा चालणारा कोड २ वर नेणाऱ्यांसाठीही एक सूचना. ७२ मेगाहर्ट्झच्या नेहमीच्या मांडणीत यूएसएआरटी१ ला ७२ आणि यूएसएआरटी२ व ३ ना ३६ मेगाहर्ट्झ मिळतात. ९६०० साठी बीआरआर (बॉड रेटचे रजिस्टर) पहिल्याला ७५००, दुसऱ्याला ३७५०. ७५०० तसाच नेला तर ४८०० बॉड होतात.

प्रश्न : निओ-६एम जीपीएस ऊनोच्या चिपला (१६ मेगाहर्ट्झ, ९६०० बॉड) जोडला आहे. नुसते अक्षर घेऊन परत पाठवले तर सगळे बरोबर. १६×२ एलसीडीवर अक्षांश दाखवू लागलो की ओळी तुटतात. (अभियांत्रिकी विद्यार्थी, छत्रपती संभाजीनगर)

उत्तर : ९६०० ला दर १.०४ मिलिसेकंदाला एक अक्षर येते. एलसीडी पुसण्याच्या एकाच आज्ञेला सुमारे दीड मिलिसेकंद जातो, वर तुमच्या कोडमध्ये २०० मिलिसेकंदांचा डिलेही आहे. एव्हीआरच्या (एटीमेगा कुळाच्या) रिसीव्हरमध्ये दोन अक्षरांची जागा आणि शिफ्ट रजिस्टरमध्ये तिसरे, एवढाच साठा. पुढचे आले की ओव्हररन होतो, यूसीएसआर०ए मधला डीओआर बिट १ दिसतो.

घेण्याचे काम इंटरप्टला द्या. १२८ बाइटांचा रिंग बफर (शेवटी पोचला की पुन्हा सुरुवातीपासून भरणारा साठा), दोन आठ-बिटी निर्देशांक : लिहिण्याचा फक्त इंटरप्टने बदलायचा, वाचण्याचा फक्त मुख्य प्रोग्रॅमने. दोघांना व्होलटाइल लावायला विसरू नका, नाहीतर कंपायलर मुख्य लूपमध्ये जुनीच किंमत धरून बसतो आणि 'इंटरप्ट येतच नाही' असे वाटते. १२८ हा दोनचा घात असल्याने निर्देशांक ७एफ हेक्सशी अँड केला की आपोआप सुरुवातीला येतो. इंटरप्टमध्ये यूडीआर वाचलाच पाहिजे, नाहीतर बाहेर पडताच तो पुन्हा सुरू होतो. चुकीचे बिट पाहायचे असतील तर यूसीएसआर०ए आधी वाचा, यूडीआर नंतर. एलसीडी आणि अक्षरांची फोड इंटरप्टमध्ये अजिबात नको.

त्या २०० मिलिसेकंदांत मात्र १९० च्या वर अक्षरे येऊ शकतात, म्हणजे १२८ चा बफरही भरून वाहील. डिले काढून टाका आणि एलसीडी सेकंदाला एकदाच, ओळ पूर्ण झाल्यावर बदला. पुसण्याऐवजी त्याच जागी वरून लिहा, चमकणेही थांबेल. एनएमईए ओळ (जीपीएस पाठवतो ती) जास्तीत जास्त ८२ अक्षरांची असते. डॉलर आणि तारा यांच्यामधल्या सगळ्या अक्षरांचा एक्सॉर ताऱ्यानंतरच्या दोन हेक्स अंकांशी जुळला तरच ती ओळ वापरा.

प्रश्न : शेतपंपासाठी सिम८००एल (मोबाइल नेटवर्कचे मॉड्यूल) आणि एटीमेगा३२८पी (५ व्होल्ट) यांचा मोबाइल स्टार्टर केला आहे. कधी 'एटी' ला उत्तर येते, कधी नाही. कॉल आला की मॉड्यूल बंद पडून पुन्हा सुरू होते. (शेतकरी वाचक, सोलापूर जिल्हा)

उत्तर : बंद पडणे पुरवठ्याचे आहे. सिम८००एल ला ३.४ ते ४.४ व्होल्ट लागतात आणि टॉवरशी बोलताना क्षणभर २ अँपिअरपर्यंत प्रवाह. ४ व्होल्टला लावलेला, ३ अँपिअरचा बक कन्व्हर्टर घ्या, मॉड्यूलच्या पिनांना अगदी चिकटून १००० मायक्रोफॅरडचा लो-ईएसआर कॅपॅसिटर लावा आणि ब्रेडबोर्डच्या बारीक तारा काढून जाड, आखूड तारा सोल्डर करा.

उत्तर न येण्याची कारणे दोन असू शकतात. मॉड्यूल बॉड रेट स्वतः ओळखते, पण त्यासाठी सुरू झाल्यावर आधी 'एटी' यावे लागते. म्हणून 'ओके' मिळेपर्यंत अर्ध्या सेकंदाने 'एटी' पाठवत राहा, मगच पुढच्या आज्ञा. दुसरे कारण पातळीचे. मॉड्यूलचा टीएक्स २.८ व्होल्ट देतो आणि ५ व्होल्टवरच्या ३२८पी ला '१' म्हणून खात्रीने ३ व्होल्ट लागतात. म्हणून ते कधी वाचते, कधी नाही. बीएसएस१३८ चा लेव्हल शिफ्टर लावा. नाहीतर ३२८पी ला ८ मेगाहर्ट्झच्या क्रिस्टलसह ३.३ व्होल्टवर चालवा, मग २ व्होल्टही पुरतात. उलट दिशेला ३२८पी चे ५ व्होल्ट थेट मॉड्यूलच्या आरएक्सला देऊ नका. शिफ्टर लावला तर दोन्ही दिशा सुटतात. मोटरचा कॉन्टॅक्टर सुटताना प्रोसेसर अडखळत असेल तर कॉइलवर आरसी स्नबर लागेल आणि अँटेनाची तार कॉन्टॅक्टरपासून दूर न्यावी लागेल.

प्रश्न : एचसी-०५ (ब्लूटूथ मॉड्यूल) ऊनोच्या पिन ० आणि १ ला जोडला की प्रोग्रॅम अपलोड होत नाही.

उत्तर : पिन ० वर यूएसबी चिपचा टीएक्सही आहे, १ किलोओहममधून. एचसी-०५ चा टीएक्स तिथे थेट जोडला की तोच वरचढ ठरतो आणि संगणकाचे बाइट चिपपर्यंत पोचत नाहीत. अपलोडपुरती ती तार काढा, किंवा दुसऱ्या पिनांवर सॉफ्टवेअर सिरीयल वापरा, ९६०० बॉडला ते व्यवस्थित चालते. ऊनोच्या टीएक्सकडून एचसी-०५ च्या आरएक्सकडे जाताना १ किलोओहम आणि २ किलोओहमचा विभाजक ठेवा, ५ चे ३.३ व्होल्ट होतील. बटण दाबून सुरू केलेल्या एटी मोडचा वेग ३८,४०० आहे.

प्रश्न : मॅक्स२३२ (आरएस-२३२ पातळी तयार करणारी चिप) तापतो आणि डीबी-९ वर काहीच येत नाही.

उत्तर : लगेच पुरवठा काढा आणि कॅपॅसिटरांच्या दिशा तपासा. पिन ६ वर ऋण व्होल्टेज असते, म्हणून तिथल्या कॅपॅसिटरचे धन टोक ग्राउंडला आणि ऋण टोक पिनला जाते. उलटा लागतो तो बहुधा हाच. साध्या मॅक्स२३२ ला चार कॅपॅसिटर १ मायक्रोफॅरडचे लागतात, ०.१ चे मॅक्स२३२ए साठी असतात. नीट जोडल्यावर पिन २ वर ग्राउंडच्या तुलनेत सुमारे अधिक ८ ते १० व्होल्ट आणि पिन ६ वर तितकेच वजा दिसले पाहिजेत. वजा दिसत नसेल तर प्रोग्रॅम उघडूही नका. संगणकाशी जोडताना यूएसबीची डीबी-९ केबलच घ्या. तिच्यावर आरएस-२३२ पातळी असते आणि संगणकाच्या बाजूने पिन २ घेण्याचा, ३ पाठवण्याचा, ५ ग्राउंडचा. सहा पिनांचे छोटे टीटीएल मॉड्यूल मॅक्स२३२ च्या पलीकडे लावू नका, त्याच्या आरएक्सवर उणे ८ व्होल्ट जातील. ते मॉड्यूल हाताशी असेल तर मॅक्स२३२ काढून थेट मायक्रोकंट्रोलरच्या टीएक्स-आरएक्सला जोडा.